आम्ही काही सेलिब्रिटी नाही, पण चेहरा तर आमचाच आहे ना?

मागच्या अंकात मी आशा भोसले यांच्या केसबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, २०२५ मध्ये त्यांनी आपल्या आवाजाची एआयवरून नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई हायकोर्टातून मनाई मिळवली ती केस. शेवटी सहज म्हटलं होतं की तुमचं नाव, फोटो, आवाज कुणी न विचारता धंद्यासाठी वापरला असेल तर कळवा. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. आणि जवळपास प्रत्येकाची सुरुवात तीच, "ताई, आम्ही काही सेलिब्रिटी नाही, पण..." हे "पण" वाचून फार वाईट वाटलं, कारण आपल्याकडे लोकांनी मनाशी धरूनच ठेवलंय की हा हक्क फक्त नटनट्यांचा असतो. तसं नाहीये. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, काही निवडली आहेत, नावं-गावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, माझं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. मेकअप गावातल्याच पार्लरवाल्या काकूंकडून केला होता, नऊवारी, नथ, मुंडावळ्या असा एक फोटो खूप छान आला होता. काकूंनी व्हॉट्सॲपवर विचारलं इन्स्टावर टाकू का, मी म्हटलं टाका की. नंतर तो पार्लरच्या फ्लेक्सवर आला, मी काही बोलले नाही, ओळखीतल्या आहेत. पण आता दिवाळीला माहेरी गेले तर मेडिकलमध्ये एका उटण्याच्या खोक्यावर माझाच फोटो! खाली लिहिलंय "१५ दिवसांत गोरेपणा". मी ते उटणं आयुष्यात लावलेलं नाही. सासरकडचे लोक विचारतात किती पैसे मिळाले, दीर म्हणतो आता मॉडेल झाली वहिनी. काकू म्हणतात मी फोटो "ओळखीत" दिला, कंपनीवाला म्हणतो आम्ही फोटोग्राफरला विचारलंय आणि कॉपीराइट त्याचा असतो. खरंच असं असतं का? मला पैसे नकोत पण ते खोकं बंद व्हायला पाहिजे.

उत्तर : आधी एक सांगते, यात तुमची काही चूक नाही. "टाका की" म्हणालात म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. तुम्ही हो म्हणालात ते इन्स्टाला. फ्लेक्सवर गप्प बसलात ते ओळखीपोटी. उटण्याच्या खोक्याला तुम्ही कधीच हो म्हटलेलं नाही, आणि एका कामासाठी दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला आपोआप लागू होत नाही. ते व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका बरं का, तुम्हाला वाटत असेल ते तुमच्या विरोधात जाईल पण उलट तेच तुमच्या बाजूचं आहे, त्यात फक्त इन्स्टाचं नाव आहे.

आता कॉपीराइट. कंपनीवाला अर्धवट बोलतोय. फोटो काढणारा मालक हा साधारण नियम झाला, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्येच पुढे लिहिलंय की कुणी पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नाचं फोटोग्राफीचं पॅकेज तुमच्या वडिलांनी दिलं असेल तर मालक तुमचे वडील. बुकिंगच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात काही अटी छापल्या आहेत का ते तेवढं बघा, तिथे बऱ्याचदा "फोटो वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे" असं वाक्य असतं. आणि समजा कॉपीराइट खरंच फोटोग्राफरचा निघाला, तरी तो हक्क कागदावरच्या चित्राचा आहे, त्या चित्रातल्या बाईचा चेहरा लावून माल विकायचा हक्क त्यात येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात.

चेहऱ्याचा हक्क कुठून येतो? आपल्याकडे यासाठी खास असा एकच कायदा नाही, पण सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये राजगोपाल केसमध्ये सांगून ठेवलंय की एखाद्याचं नाव किंवा चेहरा संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग आहे. आणि ही केस कुणा स्टारची नव्हती हे लक्षात घ्या, ती तमिळनाडूतल्या फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर नावाच्या कैद्याच्या आत्मकथेवरून झाली होती. म्हणजे फाशीच्या कैद्यालासुद्धा जो हक्क आहे तो तुम्हाला नाही असं कोण म्हणेल? पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यात न्यायमूर्ती कौल यांनी आपल्या ओळखीचा व्यापारी वापर आपल्या ताब्यात असणं हेही त्यातच येतं असं वेगळं लिहिलंय.

थोडं विषयांतर करते पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत या हक्काची गोष्ट सुरू होते ती एका साध्या मुलीपासून. एका पिठाच्या कंपनीने तिचा फोटो तिला न विचारता २५ हजार पोस्टरवर छापला होता, ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये हरली, कोर्ट म्हणालं असा काही हक्कच नाही. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याला कायदा करावा लागला. बेसबॉलपटूंची केस होऊन "पब्लिसिटीचा हक्क" हा शब्द आला तो थेट १९५३ मध्ये. म्हणजे तिथे स्टार लोक मागून आले, आधी पिठाच्या पोस्टरवरची मुलगी होती.

आणि आपल्या मुंबई हायकोर्टातही अगदी तुमच्यासारखंच प्रकरण आलंय. एका बाईंचा फोटो गावातल्या ओळखीच्या फोटोग्राफरने काढला, तो फोटो विकणाऱ्या एका परदेशी वेबसाइटवर गेला, तिथून तो चार राज्यांच्या सरकारी जाहिरातींत, एका पक्षाच्या जाहिरातीत आणि एका खाजगी कंपनीकडे पोचला, बाईंना पत्ताच नाही. मार्च २०२५ मध्ये कोर्टाने हे गंभीर आहे, वरवर पाहता हा व्यापारी गैरफायदाच दिसतो असं म्हणून केंद्र, राज्यं, वेबसाइट सगळ्यांना नोटिसा काढल्या. म्हणून म्हणते, कोर्ट तुम्हाला "तुम्ही कोण लागून गेलात" असं विचारणार नाही.

आता करायचं काय. सगळ्यात आधी ते खोकं विकत घ्या, बिलासकट, दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांतून मिळालं तर आणखी बरं, बिलावर तारीख येते आणि माल कुठवर पोचलाय ते कळतं. खोक्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच नंबर असतो, त्याचा नीट फोटो काढा. ऑनलाइन विकत असतील तर नुसता स्क्रीनशॉट नको, लिंक आणि तारीख दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, आणि ते ज्या मोबाइलवर केलं तो मोबाइल विकू नका, कारण नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे (जुनं ६५-ब) इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि मी स्वतः बघितलंय लोकांकडे खरा पुरावा असतो पण मोबाइल बदललेला असतो मग धावाधाव. अल्बम आणि फोटोची मूळ फाइलही जपून ठेवा.

मग वकिलाकडून नोटीस. त्यात विक्री थांबवा, शिल्लक खोकी परत मागवा, किती छापली-किती विकली त्याचा हिशेब द्या आणि भरपाई द्या असं सगळं मागा. तुम्ही म्हणता पैसे नकोत, तुमचा मुद्दा कळतो, पण भरपाई मागा, कारण ज्याला खिशाला चाट बसत नाही तो पुढच्या दिवाळीला दुसऱ्या मुलीचा फोटो छापतो. नोटिशीला जुमानलं नाही तर दिवाणी कोर्टात दावा आणि त्याच्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज. खरं सांगायचं तर "थांबवा" हा आदेश मिळणं सोपं असतं, "पैसे द्या" याला वर्षं लागतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्यात बायकांना मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करा.

याच्या जोडीला जाहिरात मानक परिषद म्हणजे आस्की, मुंबईची संस्था, तिथे तक्रार करा, फुकट असते. परवानगीशिवाय कुणाचा जाहिरातीत वापर करून मालाला फायदा करून घेऊ नये असं त्यांच्या नियमावलीतच आहे. "१५ दिवसांत गोरेपणा" हा दावा वेगळा, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पोलिसांत जावं का असं सगळे विचारतात. नुसता फोटो छापला तर हा मुख्यतः दिवाणी मामला आहे. पण तुमच्या नावाने खोटं प्रोफाइल काढून कुणी लोकांकडून पैसे उकळत असेल तर आयटी कायद्याचं कलम ६६-ड लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, त्यासाठी सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन.

काकूंशी भांडू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्याकडून आधी लेखी घ्या की फोटो कुणाला, कधी, कशाच्या बदल्यात दिला. त्या तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या साक्षीदार आहेत.

प्रश्न : मॅडम, मी लातूरचा. मुलगी नीटला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिने एका क्लासची फक्त तीन आठवड्यांची टेस्ट सिरीज लावली होती, बाकी अभ्यास दुसरीकडे. आता त्या क्लासने बसच्या मागे, चौकात, पेपरात सगळीकडे तिचा फोटो लावलाय "आमची विद्यार्थिनी" म्हणून. विचारलं तर म्हणाले ॲडमिशन फॉर्मवर तुमची सही आहे, फोटो वापरायला हरकत नाही असं लिहिलंय.

उत्तर : ती सही चालत नाही. तुम्हाला सांगायला मला मनापासून आनंद होतोय, कारण या एका बाबतीत नियम एकदम स्पष्ट आहे आणि लोकांना माहीतच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात म्हटलंय की यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो, अभिप्राय वापरायचा तर लेखी संमती पाहिजे आणि ती संमती निकाल लागल्यानंतर घेतलेली पाहिजे. ॲडमिशनच्या वेळी घाईत, दोनशे पालकांच्या रांगेत उभं राहून केलेली सही म्हणूनच बाद ठरवलीय. शिवाय फोटोबरोबर मुलीने नेमका कोणता कोर्स केला, किती दिवस केला, पैसे भरून केला का हे लिहायला पाहिजे. "तीन आठवड्यांची टेस्ट सिरीज" असं त्या बसच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं तर किती ॲडमिशन होतील ते क्लासवाल्यांना चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच लिहीत नाहीत.

या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला लागू आहेत, तुमचा नक्कीच असेल. बसचा, चौकातल्या फ्लेक्सचा तारखेसह फोटो काढा, पेपरचं पान जपा, टेस्ट सिरीजच्या फीची पावती शोधा आणि १९१५ वर किंवा ऑनलाइन तक्रार करा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगी १८ ची झाली असेल तर संमती तिची लागते, तुमची नाही, म्हणजे उद्या क्लासवाले तुम्हाला हार-तुरे घेऊन भेटायला आले तरी तिला विचारल्याशिवाय कशावर सही करू नका.

प्रश्न : मी लग्नात, सभांमध्ये निवेदन करतो, रिक्षावरच्या अनाउन्समेंटसुद्धा माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देतो. आमच्या तालुक्यात माझा आवाज सगळे ओळखतात. आता एका शोरूमच्या जाहिरातीत माझाच आवाज आहे पण मी ती बोललोच नाही! ते म्हणतात ॲपवर बनवलाय. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण तुमची वाट आशाताईंच्या किंवा अरिजित सिंग यांच्या वाटेपेक्षा जरा खडतर आहे हे आधीच सांगते. अरिजित यांना मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये अशाच एआय आवाजाविरुद्ध संरक्षण दिलं. पण कोर्टाला "हा आवाज अमक्याचाच" हे पटायला लागतं आणि त्यांचा आवाज सिद्ध करायला साक्षीदार लागत नाहीत, तुमचा करायला लागतील. म्हणून तालुक्यातल्या पाच-दहा माणसांची, मंगल कार्यालयवाले, मंडपवाले, ज्यांना तुम्ही आधी रेकॉर्डिंग दिलंय अशा दुकानदारांची लेखी विधानं घ्या की जाहिरात ऐकून आम्हाला ती तुमचीच वाटली. एखाद्याने तुम्हाला फोन करून "शोरूमचं काम मिळालं वाटतं" असं म्हटलं असेल तर ते फार मोलाचं. तुमचं दरपत्रक, जुनी बिलं जोडा, नुकसान मोजायला उपयोगी पडतं, कारण शोरूमने वाचवलेला पैसा हा तुमचा मेहनताना आहे.

"आवाज त्याचा नाहीच, मशीनचा आहे" हा बचाव जुना आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये बेट मिडलर या गायिकेच्या केसमध्ये मोटार कंपनीने तिच्यासारखं गाणारी दुसरी बाई आणली होती, तरी कोर्टाने मिडलरच्या बाजूने कौल दिला. तिथला निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही पण वकिलाला दाखवायला चांगला आहे. जाहिरात सोशल मीडियावर असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच लिहा, २०२१ च्या आयटी नियमांत तोतयेगिरी आणि बनावट प्रतिमांच्या तक्रारीवर प्लॅटफॉर्मला २४ तासांत हालचाल करायला सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलं नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत अपील करता येतं.

प्रश्न : वडिलांची मिसळ आमच्या भागात त्यांच्या नावाने प्रसिद्ध होती. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याकडे काम करणाऱ्या माणसाने आता समोरच वडिलांचं नाव आणि फेट्यातला फोटो लावून मिसळ सुरू केलीय. आमची गाडी अजून चालू आहे.

उत्तर : हे पत्र वाचून मला तुमच्या आईचा चेहराच डोळ्यासमोर आला, रोज समोर नवऱ्याचा फोटो दुसऱ्याच्या गल्ल्यावर बघायचा म्हणजे काय होत असेल. पण कायदा जसा आहे तसाच सांगते. माणूस गेल्यावर हा चेहऱ्याचा-नावाचा हक्क वारसांकडे येत नाही असाच सूर आपल्या कोर्टांचा आहे. सुशांत सिंह राजपूत यांच्या वडिलांच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये तेच सांगितलं, हा हक्क त्याच्याबरोबरच संपला. मला हे पटत नाही, निदान काही वर्षं तरी घरच्यांना हा हक्क असायला हवा असं माझं ठाम मत आहे, पण आज तुम्ही या मुद्द्यावर दावा लावू नका.

तुमचा खरा आधार आहे ती चालू असलेली गाडी. वडिलांच्या नावाला धंद्यात जी पत आहे ती तुमच्या धंद्याची आहे, आणि गिऱ्हाईकाला फसवून ती पत स्वतःकडे ओढणं याविरुद्ध, ट्रेडमार्क रजिस्टर नसला तरी, दावा करता येतो. जुनी लायसन्स, पेपरात छापून आलेलं, जुन्या बोर्डाचे फोटो, नियमित गिऱ्हाइकांची विधानं गोळा करा. आणि उद्याच्या उद्या ट्रेडमार्कचा अर्ज भरा, वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे. समोरच्याने आधी अर्ज केला असेल तर घाबरू नका, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४ मध्ये माणूस जाऊन २० वर्षं झाली नसतील तर रजिस्ट्रार वारसांची संमती मागू शकतो. तुम्ही सहाच वर्षांत आहात, विरोध नोंदवा. तो फेट्यातला फोटो कुणी काढला होता तेही आठवून बघा, घरच्या कुणी काढला असेल तर कॉपीराइटही तुमच्याच बाजूला येतो.

प्रश्न : मग शिवाजी महाराजांच्या नावाने दुकानं चालतात त्याचं काय?

उत्तर : त्याला वेगळाच कायदा आहे, १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांचं नाव आणि चित्र आहे, केंद्राच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. कॅलेंडरवर चालतं, पण त्यावर फक्त छापणाऱ्या-बनवणाऱ्याचं नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तरच. २०१६ मध्ये एका मोबाइल कंपनीने पंतप्रधानांचा फोटो जाहिरातीत वापरला तेव्हा या कायद्याची चर्चा झाली आणि कळलं की दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे. महाराजांच्या नावाला एवढंच संरक्षण, याची मला मनापासून लाज वाटते.

प्रश्न : उद्घाटनाला आलेल्या अभिनेत्याबरोबरचा फोटो आम्ही दुकानाच्या फ्लेक्सवर कायमचा लावू शकतो का? आणि मीम्स केले तर?

उत्तर : फ्लेक्सवर कायमचा नको. मानधनाच्या करारात लिहिलं असेल तेवढंच. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका सराफाने अमिताभ आणि जया बच्चन यांचा दुसऱ्या ब्रँडच्या जाहिरातीतला फोटो आपल्या होर्डिंगवर लावला, दिल्ली हायकोर्टाने त्याला कायमची मनाई केली. उद्घाटनाच्या दिवसाची बातमी, आठवण म्हणून आत भिंतीवर फ्रेम, याने कुणी कोर्टात जात नाही. मीम्स, व्यंगचित्र, टीका, बातमी यांना जागा आहे, क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये ते मान्य केलंय. आणि ती जागा राहायला पाहिजे, नाहीतर "भिडू" म्हणायलाही परवानगी लागेल. जॅकी श्रॉफ यांना २०२४ मध्ये संरक्षण मिळालं ते योग्यच, पण हा शब्द आपण लहानपणी खेळताना वापरलेला आहे, तो बोलायला कुणी अडवू शकत नाही. त्यांच्या लकबीसकट तो लावून टी-शर्ट विकायला गेलात तर अडवतील.

प्रश्न : ताई, मी ब्युटिशियन आहे. आम्हाला फोटो टाकल्याशिवाय काम मिळत नाही. ग्राहकाकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?

उत्तर : तुम्ही विचारलंत याचं फार बरं वाटलं. नवीन डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, त्यात संमती जितक्या सोप्या पद्धतीने दिली तितक्याच सोप्या पद्धतीने परत घेता आली पाहिजे असं आहे. म्हणून आत्तापासून सवय लावा. इंग्रजी फॉर्म कॉपी करू नका, ग्राहकाला वाचता येईल असं मराठीत लिहा, मेकअप झाल्यावर आणि फोटो तिला दाखवून झाल्यावर सही घ्या, गडबडीत आधी नको. असं चालेल :

"आज काढलेल्या फोटोंपैकी मी खाली नंबर लिहिलेले फोटोच पार्लरच्या इन्स्टाग्राम पेजवर / दुकानातल्या अल्बममध्ये / बाहेरच्या फ्लेक्सवर (नको ते खोडा) एक वर्ष वापरायला संमती देते. हे फोटो दुसऱ्या कोणालाही देणार नाही, कुठल्याही मालाच्या जाहिरातीसाठी वापरणार नाही. माझं नाव लिहायचं / लिहायचं नाही. मी व्हॉट्सॲपवर कळवलं तर सात दिवसांत काढून टाकतील."

खाली तारीख, दोघींच्या सह्या. दोन प्रती करा, एक तिच्याकडे द्या. नवरी घाईत असते, तिची बहीण किंवा मैत्रीण बरोबर असेल तर तिच्या पर्समध्ये ठेवायला सांगा.